परक्या मंचावरचे नेमबाज : अमेरिकेतील बंदूक-चित्रफितींचा इतिहास

बंदूक बनवणे, बंदूक विकणे आणि बंदूक चालवून दाखवणे हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तीन वेगवेगळे व्यवसाय आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंवर ग्रंथांचे ग्रंथ लिहिले गेले, तिसरा मात्र करमणुकीच्या खात्यात टाकून दिला गेला. गेली पंधरा-वीस वर्षे हा तिसरा व्यवसाय प्रामुख्याने यूट्यूबवर चालतो आणि त्यात वावरणाऱ्यांनी त्याला ‘गनट्यूब’ असे निम्मे थट्टेचे, निम्मे अभिमानाचे नाव दिले आहे. या मंडळींचे आणि यूट्यूबचे संबंध कसे बिघडले, हे समजून घेताना मराठी वाचकाने एक फरक आधीच लक्षात घेतलेला बरा. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक हा सरकारच्या परवान्याने मिळणारा अपवाद आहे, तर अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे तो नागरिकाचा हक्क मानला जातो आणि वॉलमार्टच्या अनेक शाखांत कपडे-भांड्यांच्या जोडीने शिकारीची बंदूकही विकली जाते. जी वस्तू दुकानात राजरोस मिळते, ती पडद्यावर दाखवण्यास मात्र मज्जाव का, हा तेथील चित्रफितकारांचा प्रश्न या पार्श्वभूमीवर उभा राहतो. तो वाटतो तितका नवा नाही, कारण बंदूक चालवून दाखवणाऱ्याचा मंच त्या देशात कधीच त्याच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता.

चलच्चित्राचा शोध लागला तेव्हापासून बंदूक त्याच्यासमोर उभी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. थॉमस एडिसनच्या न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथील ‘ब्लॅक मरिया’ नावाच्या चित्रणगृहात नोव्हेंबर १८९४ मध्ये ॲनी ओकली या प्रख्यात महिला नेमबाजाचे चित्रण झाले. तिने आधी स्थिर लक्ष्यांवर आणि मग हवेत उडवलेल्या लक्ष्यांवर गोळ्या झाडल्या, आणि अर्ध्या मिनिटाहूनही लहान असलेली ही फीत लोकांनी किनेटोस्कोप या पेटीच्या भिंगातून एकेकट्याने, नाणे टाकून पाहिली. ओकली त्या काळी ‘बफेलो बिल’ याच्या फिरत्या खेळात काम करीत असे. तिची कला तिची स्वतःची असली तरी तंबू बिलचा होता आणि कॅमेरा एडिसनचा.

तिच्या पाठोपाठ बंदूक-कारखान्यांच्या पगारावरील नेमबाज आले. विंचेस्टर कंपनीचा ॲड टॉपरवाइन हा त्यांतला सर्वांत गाजलेला. गावोगावच्या जत्रांत आणि हत्यारांच्या दुकानांसमोर तो आपल्या पत्नीसह प्रयोग करी आणि पत्र्यावर गोळ्यांच्या छिद्रांनी रेड इंडियन सरदाराचे चित्र काढून दाखवी. डिसेंबर १९०७ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे हवेत फेकलेल्या लाकडाच्या ७२,५०० लहान ठोकळ्यांपैकी त्याचे फक्त ९ चुकले, असे नोंदले गेले आहे. या आकड्याचा उपयोग कंपनीने पुढे कित्येक वर्षे जाहिरातीसाठी केला, आणि त्या जाहिरातीसाठीच टॉपरवाइनला पगार मिळत होता. विसाव्या शतकाच्या मध्यास विंचेस्टरचाच हर्ब पार्सन्स हा नेमबाज चित्रपटातही झळकला. या पिढीला नियमांची अडचण कधी भासली नाही, कारण मंचाचा मालक आणि मालाचा विक्रेता एकच होता. दाखवणे व विकणे यांत भेद करण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती.

हा भेद प्रथम निर्माण केला तो एका मासिकातील कूपनने. ‘अमेरिकन रायफलमन’ हे नॅशनल रायफल असोसिएशन या १८७१ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे मुखपत्र. त्याच्या पानांवर तोफखान्याचा इतिहास, काडतुसांतील दारूच्या प्रमाणाची चर्चा आणि टपालाने बंदूक मागवण्याच्या जाहिराती गुण्यागोविंदाने नांदत असत. फेब्रुवारी १९६३ च्या अंकात शिकागोच्या ‘क्लाइन्स’ या दुकानाने दिलेले कूपन भरून ली हार्वे ऑस्वाल्ड याने खोट्या नावाने दुर्बीण बसवलेली एक जुनी इटालियन लष्करी रायफल मागवली. टपालखर्च धरून तिचे २१ डॉलर ४५ सेंट झाले, आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या त्या रायफलीने झाली. पाच वर्षांच्या खलानंतर, आणि मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील सामान्य ग्राहकाला टपालाने बंदूक पाठवणे बंद केले. मासिके चालू राहिली, लेखही चालू राहिले. कूपन तेवढे गेले. बंदुकीविषयी बोलता येईल पण त्याच ठिकाणी ती विकता येणार नाही, हे जे तत्त्व यूट्यूबने पन्नास वर्षांनी आपल्या नियमांत घातले, त्याचे मूळ याच घटनाक्रमात शोधावे लागते.

दुसरी सीमारेषा बनवण्याच्या कृतीविषयीची. कोलोरॅडोतील बोल्डर येथे १९७० मध्ये सुरू झालेल्या पॅलाडिन प्रेस या प्रकाशनसंस्थेने घरगुती हत्यारे, स्फोटके आणि सायलेन्सर यांविषयीची पुस्तके, आणि पुढे व्हिडिओ कॅसेटही, टपालाने विकून चांगला व्यवसाय केला. सायलेन्सर म्हणजे गोळी सुटतानाचा आवाज कमी करणारी, नळीच्या तोंडावर बसवायची नळकांडी. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ती बेकायदा नाही, मात्र १९३४ च्या कायद्यानुसार तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते. याच संस्थेच्या ‘हिट मॅन’ या पुस्तकातील सूचनांप्रमाणे १९९३ मध्ये मेरीलँड राज्यात तिघांचे खून पडले. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीने मुद्रणाला दिलेले संरक्षण अशा पुस्तकाला मिळतेच असे नाही, असा निकाल १९९७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने दिला. १९९९ मध्ये प्रकाशकाने भरपाईची तडजोड करून पुस्तक मागे घेतले. निव्वळ माहिती देणे आणि गुन्ह्याला हात देणे यांतील सीमा न्यायालयाने येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून आखली होती. पुढील काळात तीच सीमा आखण्याचे काम ज्यांच्याकडे गेले त्यांना तसे बंधन नव्हते, आणि पुढच्या साऱ्या तक्रारींची बीजे या फरकात आहेत.

यूट्यूबची स्थापना फेब्रुवारी २००५ मध्ये झाली, २००६ च्या अखेरीस गूगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले आणि २००७ मध्ये जाहिरातीच्या उत्पन्नातील वाटा चित्रफित करणाऱ्यास देण्याची पद्धत सुरू झाली. हा वाटा पुढे सर्वसाधारणपणे शेकडा ५५ असा स्थिरावला. त्याच सुमारास टेनेसी राज्यातील ग्रेग किनमन या इंग्रजीच्या शिक्षकाने ‘हिकॉक४५’ या नावाने स्वतःच्या जमिनीवर, टेकडीच्या पायथ्याशी मांडलेल्या लोखंडी पट्ट्यांवर गोळ्या झाडत, वर्गात धडा समजावून सांगावा तशा संथ लयीत बंदुकांची ओळख करून देण्यास सुरुवात केली. त्याच्या चॅनेलचे वर्गणीदार पुढे सत्तर लाखांपलीकडे गेले. (वर्गणीदार हा शब्द येथे सोयीचा असला तरी फसवा आहे, कारण या वर्गणीला पैसे पडत नाहीत.) टेक्सासमधील मॅट कॅरिकर या पशुवैद्याच्या ‘डिमॉलिशन रँच’ने कोणती गोळी कशातून आरपार जाते, या बालसुलभ कुतूहलावर एक कोटीहून अधिक वर्गणीदार मिळवले. ऑरेगन राज्यातील पॉल हॅरेल यांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मांसाचे तुकडे, संत्री आणि जुने कपडे यांचे थर रचून काडतुसांची परीक्षा घेतली. आपला निष्कर्ष प्रेक्षकाच्या माथी न मारण्याची त्यांची रीत एखाद्या प्रयोगशाळेला शोभली असती.

यांहून वेगळा, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष मोलाचा वाटावा असा प्रकार म्हणजे इयन मॅकॉलम याचे ‘फरगॉटन वेपन्स’, म्हणजे विस्मृतीत गेलेली हत्यारे. त्याच्या चित्रफितींत गोळीबार बहुधा नसतोच. मेजावर एक अपरिचित बंदूक ठेवलेली असते, तिचा शोध कोणी लावला, लष्कराने ती का नाकारली आणि तिच्या आतील खटके एकमेकांत कसे अडकतात हे ती सुटी करत करत सांगितले जाते. अशी हत्यारे मिळवण्यासाठी त्याने मेन राज्यातील जेम्स डी. जूलिया, इलिनॉयमधील रॉक आयलंड यांसारख्या लिलावगृहांशी संधान बांधले. लिलावापूर्वी हत्यारे चित्रणासाठी हाताळायला मिळत आणि लिलावगृहाला आपोआप प्रसिद्धी मिळे. या व्यवस्थेचे महत्त्व कळण्यासाठी एक कायदेशीर तपशील आवश्यक आहे. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशी पूर्ण स्वयंचलित बंदूक अमेरिकेतील सामान्य नागरिकाला मे १९८६ नंतर नव्याने नोंदवता येत नाही. त्यापूर्वी नोंदलेल्या ज्या आहेत त्याच हस्तांतरित होतात आणि त्यांची किंमत हजारो, बऱ्याचदा दशसहस्र डॉलरांत जाते. साहजिकच, पहिल्या महायुद्धातील एखादी मशीनगन आतून कशी दिसते हे बहुसंख्यांना पडद्यावरच पाहावे लागते. संग्रहालयांच्या काचेमागे ती बंदच असते. पुस्तकांत तिचा आडवा छेद असतो, पण हालचाल नसते. गेल्या पंधरा वर्षांत यांत्रिक इतिहासाच्या या कोपऱ्यात जितके दस्तऐवजीकरण या मंडळींनी केले तितके क्वचितच कोणा विद्यापीठाने केले असेल, आणि यूट्यूबच्या नियमांचा विचार करताना या बाजूकडे नेहमीच दुर्लक्ष झाले आहे.

आरंभीच्या दशकात नियम होते, पण ते कोणी फारसे वाचत नसे. विक्रीपासून मात्र संगणकयुगातील मोठ्या कंपन्या आधीच दूर सरकत होत्या. ईबेने १९९९ मध्ये आपल्या लिलावांतून बंदुका काढून टाकल्या, गूगलने २०१२ मध्ये खरेदीच्या शोधातून त्या वगळल्या आणि फेसबुकने जानेवारी २०१६ मध्ये खासगी व्यक्तींमधील बंदूक-व्यवहारांना बंदी केली. त्याच महिन्यात हिकॉक४५चे चॅनेल अचानक बंद होऊन थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झाले आणि आपला मंच कोणत्याही सकाळी नाहीसा होऊ शकतो याची पहिली जाणीव या व्यवसायाला झाली.

खरा तडाखा बसला तो बंदुकीशी संबंधच नसलेल्या कारणाने. २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने प्रतिष्ठित कंपन्यांच्या जाहिराती यूट्यूबवर दहशतवादी व वंशद्वेषी चित्रफितींच्या आगेमागे झळकत असल्याचे दाखवून दिले, तेव्हा एटी अँड टी, व्हेरायझन, जॉन्सन अँड जॉन्सन अशा बड्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला. त्यांना परत आणण्यासाठी यूट्यूबने प्रत्येक चित्रफितीची यंत्राकरवी वर्गवारी सुरू केली. जी जाहिरातदारांना रुचणार नाही असे यंत्राला वाटे, तिच्यापुढे हिरव्याऐवजी पिवळे डॉलरचिन्ह लागे. चित्रफित राहते, लोक ती पाहतात, पण तिच्यावर जाहिराती जवळजवळ येत नाहीत. या प्रकाराला चॅनेलवाले ‘डिमॉनेटायझेशन’ म्हणतात, मराठीत त्याला उत्पन्नबंदी म्हणता येईल. बंदूक-चॅनेलांवर पिवळ्या चिन्हांचा सडा पडला. ज्या धंद्यात काडतुसे अक्षरशः धुरात जातात त्यात उत्पन्नबंदी म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यातही ही बंदी सरकारने घातलेली नव्हती, बंदूकविरोधी चळवळीनेही घातलेली नव्हती; साबण आणि टेलिफोन विकणाऱ्यांच्या धास्तीने ती आली होती. एकेकाळी टॉपरवाइनला पोसणारा जाहिरातदार आणि हा जाहिरातदार यांच्यात इतकाच फरक होता की पहिल्याला बंदूक विकायची होती आणि दुसऱ्याला ती आपल्या मालाजवळ नको होती.

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये एका हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून संगीतमहोत्सवाच्या गर्दीवर गोळीबार झाला आणि त्या वेळी मोजलेले ५८ बळी पडले. मारेकऱ्याच्या अनेक रायफलींना ‘बंप स्टॉक’ बसवलेला होता. बंप स्टॉक म्हणजे असा दस्ता की ज्यात बंदूक स्वतःच्याच धक्क्याने मागेपुढे सरकते, घोडा स्थिर बोटावर पुन्हापुन्हा आपटतो आणि एकेक गोळी झाडणारी रायफल मशीनगनच्या जवळपास वेगाने चालते. हा दस्ता तेव्हा कायदेशीर होता. तो कसा बसवावा हे शिकवणाऱ्या चित्रफितींना यूट्यूबने त्याच महिन्यात बंदी केली. खुद्द दस्त्यावर बंदी घालणारा संघराज्य सरकारचा नियम अमलात येण्यास मार्च २०१९ उजाडला.

मग १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत १७ जण मारले गेले, विद्यार्थ्यांचे देशव्यापी आंदोलन उभे राहिले आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात यूट्यूबने आपले विस्तृत धोरण प्रसिद्ध केले. बंदूक किंवा ठरावीक सुटे भाग विकण्याच्या उद्देशाची चित्रफित, तसेच असा माल विकणाऱ्या संकेतस्थळाचा दुवा, निषिद्ध ठरला. बंदूक, काडतूस, तीसहून अधिक गोळ्यांचे मॅगझीन किंवा घरगुती सायलेन्सर बनवण्याच्या सूचना निषिद्ध ठरल्या, आणि स्वयंचलित रूपांतर करणारे भाग बसवून दाखवणेही. १९६८ चा कूपन बंद करणारा कायदा आणि १९९७ चा पॅलाडिन खटला हे दोन्ही या एका पानात सामावले होते, असे म्हणता येईल. फक्त कायदेमंडळ आणि न्यायालय या दोहोंचे काम येथे एका खासगी कंपनीच्या धोरणविभागाने केले होते.

नियमाचा शब्द वाजवी होता, असेच त्याचा अभ्यास करणाऱ्याला म्हणावे लागते. घरी मशीनगन कशी बनवावी हे साऱ्या जगाला शिकवण्याचा आग्रह फारच थोड्या चॅनेलांनी धरला असता. गोंधळ झाला तो अंमलबजावणीत. आयोवा राज्यातील ब्राउनेल्स ही बंदूक-दुरुस्तीचे साहित्य पुरवणारी १९३९ पासूनची कौटुंबिक पेढी. जुन्या बंदुकीची देखभाल शिकवणारे तिचे चॅनेल जून २०१८ मध्ये संपूर्ण बंद झाले आणि ओरड झाल्यावर लवकरच परत आले. बंद का झाले याचा जसा पत्ता नव्हता, तसाच परत का आले याचाही नव्हता. यूट्यूबच्या पद्धतीत नियमभंगाला ‘स्ट्राइक’ म्हणतात आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक पडल्यास चॅनेल त्यातील वर्षानुवर्षांच्या कामासह पुसले जाते. कोणत्या चित्रफितीतील कोणत्या क्षणी काय चुकले हे बहुधा सांगितले जात नसे आणि अपिलाचे उत्तर यंत्राने दिले की माणसाने, हेही कळत नसे. शैक्षणिक, माहितीपटात्मक, वैज्ञानिक आणि कलात्मक आशयाला सूट देणारे कलम नियमावलीत आहे. परंतु बंदूक सुटी करणारा इतिहासकार आणि बंदूक बनवणारा कारागीर यांचे हात यंत्राला सारखेच दिसतात. ऑगस्ट २०१७ मध्ये याच यंत्रणेने सीरियातील युद्धाचे, म्हणजे संभाव्य युद्धगुन्ह्यांच्या पुराव्यांचे, हजारो व्हिडिओ दहशतवादी समजून काढून टाकले होते. त्यामुळे हा आंधळेपणा केवळ बंदूकवाल्यांच्या वाट्याला आला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या गाऱ्हाण्यात सहसा येत नाही.

त्यांच्या गाऱ्हाण्याचा सूर मात्र ‘आमच्या घटनादत्त हक्कांची पायमल्ली’ असा होता आणि तो कायद्याच्या कसोटीवर टिकणारा नाही. पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, कंपनीचे नाही. यूट्यूब हे कितीही सार्वजनिक चौकासारखे भासले तरी ते सरकार नव्हे, असा स्पष्ट निर्णय फेब्रुवारी २०२० मध्ये प्रेगर युनिव्हर्सिटी या उजव्या विचारांच्या संस्थेने गुदरलेल्या दाव्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दिला. खासगी मालमत्तेचे पावित्र्य एरवी सर्वांत जोराने सांगणाऱ्या गटाला येथे खासगी मालकाच्या मर्जीचाच जाच व्हावा, यात एक विसंगती आहे आणि त्यातल्या चतुर मंडळींना ती ठाऊक होती. म्हणून त्यांनी न्यायालयापेक्षा पर्यायी वाटा शोधल्या.

पहिली वाट स्थलांतराची. केवळ बंदूकविषयक चित्रफितींसाठी काढलेले ‘फुल३०’ हे संकेतस्थळ २०१८ पूर्वीच अस्तित्वात होते आणि नव्या धोरणानंतर त्याकडे लोकांचा ओघ वळला. मॅकॉलम आणि कार्ल कसार्डा यांच्या ‘इनरेंज टीव्ही’ने तर मार्च २०१८ मध्ये आपल्या चित्रफिती पोर्नहब या अश्लील चित्रफितींच्या संकेतस्थळावर चढवल्या. यूट्यूबला जी लष्करी इतिहासाची चर्चा अंगाला लावून घ्यायची नाही तिला तेथे विनाशर्त जागा मिळते, हे दाखवण्याचा तो खोडसाळ पण परिणामकारक मार्ग होता आणि त्याची बातमी जगभर झाली. प्रेक्षक मात्र तिकडे गेले नाहीत. स्थलांतराचा कोणताही प्रयत्न यूट्यूबची जागा घेऊ शकला नाही याचे कारण तांत्रिक नाही. ज्याला बंदुकांत आधीच रस आहे तो माणूस बंदुकांच्या संकेतस्थळावर जातो, परंतु हिकॉक४५ला सत्तर लाख वर्गणीदार मिळाले ते स्वयंपाकाच्या आणि क्रिकेट-बेसबॉलच्या चित्रफिती पाहणाऱ्यांच्या पुढ्यात यंत्राने त्याला आपणहून आणून ठेवले म्हणून. जे यंत्र पिवळे चिन्ह लावत होते तेच गिऱ्हाईकही आणत होते.

दुसरी वाट अधिक टिकाऊ ठरली. चित्रफिती यूट्यूबवरच ठेवायच्या आणि पैसा मात्र दुसरीकडून आणायचा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या पेट्रिऑनद्वारे प्रेक्षक महिन्याला ठरावीक रक्कम थेट निर्मात्याला देतात. कीर्तनकाराची आरतीच्या ताटातली दक्षिणा या व्यवस्थेच्या जवळ जाते, फरक इतकाच की ही आधी कबूल केलेली असते. मॅकॉलमने सहकाऱ्यांसह हेडस्टँप ही प्रकाशनसंस्था काढली आणि फ्रेंच लष्करी रायफलींवरील त्याचा ग्रंथ वाचकांच्या आगाऊ वर्गणीवर छापला गेला. इतरांनी टी-शर्ट, टोप्या, चामड्याचे पट्टे विकले. जाहिरातदाराकडून वाचकाकडे, म्हणजे मासिकांच्या जुन्या वर्गणीपद्धतीकडे, व्यवसायाने मारलेला हा उलटा फेरा होता. छापील बंदूक-मासिके मृतप्राय होत असताना तो मारला जावा, हेही लक्षणीय आहे.

तिसरी वाट भाषेची आणि कात्रीची होती. जोडणी दाखवता येत नाही म्हणून नळीवर सायलेन्सर चढवताना कॅमेरा बंद करायचा आणि पुढच्या दृश्यात तो जादूने बसलेला दाखवायचा, हा काही चॅनेलांचा ठरलेला विनोद होऊन बसला. सेन्सॉरच्या काळात हिंदी चित्रपटांतील फुलावर फूल टेकण्याचे दृश्य ज्यांना आठवते, त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही.

निर्मात्यांच्या बाजूने एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. मे २०२३ मध्ये टेक ट्रान्स्परन्सी प्रोजेक्ट या संस्थेने ९ आणि १४ वर्षांच्या मुलांची म्हणून खाती उघडून त्यांवर केवळ व्हिडिओ-खेळांच्या चित्रफिती पाहिल्या. यूट्यूबने सुचवलेल्या चित्रफिती जी खाती पाहत गेली त्यांच्याकडे खऱ्या बंदुकांच्या, गोळीबाराच्या आणि शाळेतील हत्याकांडांच्या दृश्यांचा ओघ सुरू झाला. निर्मात्याचा उद्देश कितीही सरळ असो, त्याची चित्रफित कोणापुढे जाऊन पडेल यावर त्याचा ताबा नसतो, आणि मोठा प्रेक्षकवर्ग देणाऱ्या यंत्राचा फायदा घेणाऱ्यांना या वस्तुस्थितीतून अंग काढून घेता येत नाही. १३ जुलै २०२४ रोजी पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळी झाडणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणाच्या अंगात डिमॉलिशन रँचचा टी-शर्ट होता. कॅरिकर यांचा त्या कृत्याशी काहीही संबंध नव्हता आणि त्यांनी जाहीरपणे धक्का व्यक्त केला. त्या वर्षअखेरीस त्यांनी चॅनेलपासून दूर होण्याचेही ठरवले.

मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील ॲल्विन ब्रॅग यांनी एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबला पत्र लिहून घरगुती, क्रमांक नसलेल्या बंदुकांच्या चित्रफिती अल्पवयीनांपुढे ढकलणे थांबवण्याची मागणी केली होती. जूनच्या आरंभी यूट्यूबने नवे नियम जाहीर केले. बंदुकीतील सुरक्षा-यंत्रणा काढून टाकण्यास शिकवणाऱ्या चित्रफिती पूर्ण बंद झाल्या. घरगुती आणि स्वयंचलित बंदुकांचा वापर दाखवणाऱ्या चित्रफिती अठरा वर्षांखालील प्रेक्षकांपासून दूर ठेवल्या गेल्या, मात्र वृत्त आणि युद्धभूमीच्या चित्रणाला सूट राहिली. वयाची अट लागलेली चित्रफित खाते उघडून वय सिद्ध केल्याशिवाय दिसत नाही, अन्य संकेतस्थळांवर चालत नाही आणि यंत्राच्या शिफारशीतूनही जवळजवळ बाद होते. मशीनगनच्या इतिहासावर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना हा उत्पन्नबंदीहूनही मोठा घाव वाटला, आणि तो वाटणे अकारण नव्हते. तरीही मुलांच्या बाबतीत आदल्या वर्षीचे निष्कर्ष समोर असताना याहून सौम्य उपाय कोणता करता आला असता, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापैकी कोणी दिलेले नाही. १९६८ मध्ये कायदेमंडळाने आणि १९९७ मध्ये न्यायालयाने निदान आपली कारणे लिहून ठेवली होती. तशी लेखी कारणे प्रत्येक बंद केलेल्या चॅनेलला मिळावीत, ही चित्रफितकारांची मागणी मात्र रास्त आहे आणि ती अद्याप पुरी झालेली नाही.

हे नवे नियम १८ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. त्याच्या चार दिवस आधी, १४ जूनला, बंप स्टॉक म्हणजे मशीनगन नव्हे असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने सहाविरुद्ध तीन मतांनी संघराज्य सरकारची बंदी रद्द केली. काही राज्यांचे स्वतंत्र कायदे वगळले तर त्या दिवसापासून अमेरिकेत बंप स्टॉक पुन्हा विकत घेता येतो. तो रायफलीला कसा बसवावा हे यूट्यूबवर दाखवण्यास ऑक्टोबर २०१७ मध्ये झालेली मनाई त्या निकालाने उठली नाही.